चुकलेल्या पल्लवीनंतर

सुधींद्र राव आमच्या बँकेच्या अड्यार शाखेत पेन्शनचं काम पाहतो. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बाकीची काउंटरं रिकामी असली तरी म्हातारी माणसं त्याच्याच टेबलापुढे बसून राहतात, कारण तो प्रत्येकाचं शेवटपर्यंत ऐकून घेतो. नवऱ्याची नोकरी इथली, म्हणून मी साताऱ्याहून बदली मागून या शाखेत आले, तेव्हा पहिल्याच दिवशी तो माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "तुम्हीं मराठीं कीं? आम्हींही मराठींच. तंजावरचे."

त्याचं मराठी ऐकताना कुणी जुनं पत्र मोठ्यानं वाचून दाखवतंय असं वाटायचं. मध्येच तमिळ शब्द यायचे, आणि वाक्याचा सूर तर पूर्ण तमिळ. 'काय करलालांत?' म्हणजे 'काय करताय?' हे कळायला मला आठवडा लागला. तो मला अक्का म्हणू लागला, मी त्याला अरे-तुरे करू लागले.

बँक ही त्याची नोकरी होती. मनानं तो व्हायोलिनवादक होता. आपल्याकडे गाण्याला पेटीची साथ असते, तशी इथे व्हायोलिनची. गायकानं जे गायलं ते सावलीसारखं मागोमाग वाजवायचं, आणि आपली पाळी आली की स्वतःचंही काही सांगायचं. सुधींद्रच्या वडिलांनी त्याला सहाव्या वर्षी गुरूंकडे बसवलं. सतराव्या वर्षी त्यानं एका मोठ्या स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळवलं. त्यानंतर वीस-बावीस वर्षं तो दर डिसेंबरात, इथल्या संगीताच्या हंगामात, दुपारच्या मैफिलींना वाजवत राहिला. दुपारच्या मैफिलींना तिकीट नसतं. श्रोते बहुतेक जेवून आलेले असतात आणि थंडगार सभागृहात काही जण डुलक्याही घेतात. संध्याकाळची मैफल वेगळी. तिथे नावाजलेले गायक, भरलेलं सभागृह, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात चार ओळी. ती संध्याकाळ सुधींद्रला कधी मिळाली नव्हती.

ती २०२२च्या डिसेंबरात मिळाली. राममूर्ती म्हणून एक मोठे गायक आहेत. त्यांचा नेहमीचा व्हायोलिनवाला तापानं आजारी पडला आणि आदल्या दिवशी दुपारी सुधींद्रला बँकेत फोन आला. फोन ठेवल्यावर त्यानं समोरच्या आजोबांचा हयातीचा दाखला उलटा धरून शिक्का मारला. मग माझ्याकडे येऊन हळूच म्हणाला, "अक्का, उद्या या. साडेसहाला. मी राममूर्ती सारांना वाजवलालों."

मी गेले. त्याची बायको शरण्या आणि तेरा वर्षांची मुलगी निधी माझ्या शेजारी बसल्या होत्या. शरण्या शाळेत शिकवते, एरवी अगदी शांत बाई, पण त्या दिवशी तिनं पदराचं टोक गुंडाळून गुंडाळून पार चुरगळून टाकलं होतं.

पहिले दीड तास सुरेख गेले. सुधींद्रचा हात गोड आहे, यात कधीच वाद नव्हता. एका आलापीनंतर राममूर्तींनी स्वतः "भले!" म्हटलं, तेव्हा निधीनं माझा दंड दाबला. मग मुख्य भाग आला, पल्लवी. यात एकच ओळ घेऊन गायक तिची वेगवेगळ्या लयींत मांडणी करतो. राममूर्तींनी त्या दिवशी प्रत्येक मात्रेचे चारऐवजी पाच भाग धरले होते आणि ओळ उचलायची जागा मात्रेवर नव्हतीच. मात्रेनंतर पाचांतले तीन भाग सोडून ती उचलायची. पुढे सवाल-जवाब. गायकानं सरगमीचा एक तुकडा म्हणून त्या अवघड जागेवर यायचं, मग व्हायोलिननं तेवढाच तुकडा वाजवून तिथेच यायचं. आधी मोठे तुकडे, मग निम्मे, मग त्याच्याही निम्मे.

पहिले दोन तुकडे सुधींद्रनं बरोबर दिले. तिसऱ्याला तो जागेच्या किंचित आधी आला. राममूर्तींनी ते सांभाळून घेतलं. चौथ्याला तो पुन्हा आधीच आला आणि या वेळी मृदंगवाल्या मुरलीनं हाताखाली एक बोल ठासून मारला, इथे, अशा अर्थाचा. पाचव्या वेळी सुधींद्रनं गज तारेवर टेकवला, अर्धा ओढला आणि थांबला. तीन-चार सेकंद सभागृहात फक्त तंबोरा ऐकू येत होता. मग राममूर्तींनी सुधींद्रची पाळी स्वतःच गाऊन टाकली, पुढचीही गायली, आणि मुरलीला मान हलवून मृदंगाचं एकट्याचं वादन सुरू करायला सांगितलं. सुधींद्र गज मांडीवर ठेवून खाली बघत बसला होता. शेवटच्या दोन छोट्या रचना त्यानं वाजवल्या, पण इतक्या हळू, की त्या मला ऐकूच आल्या नाहीत.

सोमवारी तो कामावर आला. मी चहाच्या वेळी त्याला म्हटलं, "अरे, एवढं काही नाही. कुणाच्या लक्षातही आलं नसेल."

तो पेन्शनचे कागद लावत होता. ते खाली ठेवून म्हणाला, "अक्का, इथें सगळे लोक मांडीवर ताल धरून ऐकतात. तुम्हीं बघितलां नाहीं? सहाशें हात त्या जागेवर खालीं आले, आणि माझा गज आधींच येऊन उभा राहिला होता. एकदां नव्हे, दोनदां. आणि तिसऱ्यांदा आलाच नाहीं."

धीर द्यायला म्हणून मी खोटं बोलले होते आणि ते त्यानं ओळखलं होतं.

वर्तमानपत्रात एकच ओळ आली, 'व्हायोलिनची साथ पल्लवीत कमी पडली' अशी. ती सोसली असती. पण पुढच्या रांगेतल्या कुणीतरी तो प्रसंग मोबाइलवर टिपला होता. दीड मिनिटाची ती चित्रफीत फिरत फिरत निधीच्या वर्गातही पोचली.

सुधींद्रनं वाजवणं बंद केलं. हंगामातले उरलेले तीन दुपारचे कार्यक्रम त्यानं फोन करून सोडले. त्याच्याकडे शनिवारी शिकायला येणाऱ्या दोन बायकांना त्यानं दुसऱ्या शिक्षकाचा पत्ता दिला. वेस्ट मांबलमहून बँकेत येताना त्याची बस मैलापूरवरून यायची, तिथे गाण्यातली ओळखीची माणसं भेटतात म्हणून तो दुसऱ्या रस्त्यानं येऊ लागला. मैफिलीचं ध्वनिमुद्रण आयोजक संस्थेनं त्याला पाठवलं होतं, ते त्यानं उघडलं नाही. कामात मात्र तो कधी नव्हे इतका काटेकोर झाला. एकाच अर्जावरची बेरीज तो तीन-तीनदा तपासायचा. आमचे शाखाप्रमुख खूश होते. मला ते बघवत नव्हतं.

सहा महिने असेच गेले. मग जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि निधीनं जाहीर केलं की ती व्हायोलिनचा क्लास सोडतेय. हे मला सुधींद्रनंच सांगितलं, जेवणाच्या सुट्टीत, डबा न उघडता.

तो तिला रागावला होता. आठ वर्षं शिकलीस, आता सोडतेस, कंटाळा आला असेल तर तसं सांग. निधी घरी जास्त तमिळच बोलते, पण हे तिनं मराठीत सांगितलं. ती म्हणाली, "अप्पा, तुम्हीं पस्तीस वर्षं वाजवलां. एकदां चुकलां, तर आतां घरांत गुणगुणतही नाहींत. मी काय म्हणून शिकूं?"

"तूं काय म्हणालास?" मी नकळत त्याच्याच धाटणीत विचारलं.

"कांहीं नाहीं. काय म्हणणार? शरण्या स्वयंपाकघरांतून बाहेर आली, आमच्या दोघांकडे बघून परत आंत गेली."

त्यानंतरच्या आठवड्यात मृदंगवाला मुरली बँकेत आला. सुधींद्रहून दोन-तीन वर्षांनी लहान, बुटका, मोठ्या आवाजाचा. दोघं बाहेर टपरीवर कॉफी प्यायला निघाले आणि सुधींद्रनं मलाही ओढून नेलं. एकट्यानं मुरलीला सामोरं जायचं नव्हतं, असं मला वाटलं. बोलणं तमिळमध्ये झालं. मला आता तमिळ बऱ्यापैकी कळतं.

"ते ध्वनिमुद्रण ऐकलंस?" मुरलीनं विचारलं.

"नाही."

"ऐक. मी चारदा ऐकलं. मला वाटत होतं, माझा बोल चुकीच्या जागी पडला आणि त्यामुळे तू गडबडलास. सहा महिने मला झोप नाही नीट. माझा बोल बरोबर होता. आता तुझं तू बघ काय झालं ते."

मुरलीलाही ते लागलं असेल, हे सुधींद्रच्या मनात आलं नव्हतं. त्या रविवारी सकाळी त्यानं ध्वनिमुद्रण लावलं. शरण्याला शेजारी बसवलं. पल्लवीचा भाग त्यानं ताल धरून सात वेळा ऐकला. मग जे कळलं ते सोमवारी मला सांगितलं, आणि ते सांगताना त्याचा चेहरा मैफिलीनंतरच्या सोमवारपेक्षा बरा होता.

"त्या दिवशीं मी घाबरून चुकलों, असं मज वाटत होतं. तसं नव्हें, अक्का. मज हें येतच नाहीं. कधींच येत नव्हतं."

त्याच्या सांगण्याचा मतलब असा. अवघड लयीचा भाग आला की तो वर्षानुवर्षं गायकाचा ताल धरणारा हात बघून वाजवायचा. मोजायचा नाही. कान चांगला, हात गोड, त्यामुळे निभून जायचं. दुपारच्या मैफिलींत एवढं अवघड कुणी गातही नाही. त्याच्या गुरूंनी पंधराव्या वर्षीच म्हटलं होतं, 'तू बघून वाजवतोस, एक दिवस हात दिसायचा नाही.' त्या संध्याकाळी राममूर्ती रंगात येऊन मुरलीकडे वळले, त्यांचा हात त्यांच्याच गुडघ्याआड गेला, आणि सुधींद्रला बघायला काही उरलं नाही.

"मग आता?" मी विचारलं.

"आतां शिकायचं. नाहीं तर सोडायचं. पण न कळतां सोडलं, असं नको."

पत्ता मुरलीनंच दिला. कोवलमला, पूर्व किनाऱ्याच्या रस्त्यावर, सुब्बा नावाचे एक सत्तरीतले तविलवादक राहतात. तविल म्हणजे देवळात नागस्वराबरोबर, इथल्या लांब सनईबरोबर, वाजतो तो मोठा ढोल. मुरली म्हणाला की शहरातले निम्मे मृदंगवाले लयीचा हिशेब अडला की गुपचूप त्यांच्याकडे जातात. सुधींद्रला आधी जरा जड गेलं. त्याच्या गुरूंच्या घरी तविलवाले आले तर त्यांना जातीमुळे बाहेरच्या बाकावर बसवत, हे त्यानं लहानपणी पाहिलं होतं. तो म्हणाला, "त्या बाकाची लाज वाटली, आणि जाण्याचीही वाटली. दोन्हीं एकदमच."

दर रविवारी सकाळी तो बसनं कोवलमला जाऊ लागला. एकदा मीही गेले. बसथांब्यापासून मासळीबाजार ओलांडून जावं लागतं. होड्या नुकत्याच लागल्या होत्या, बायका पाट्यांपुढे बसून मोठमोठ्यानं भाव करत होत्या. सुब्बांचं घर दोन खोल्यांचं, दारात पांढरी रांगोळी. त्यांच्या गुडघ्यांत आता मांडी घालण्याचं बळ नाही, म्हणून ते प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले होते आणि सुधींद्र खाली चटईवर.

व्हायोलिन आणायचं नाही, ही त्यांची पहिली अट होती. फक्त हातानं ताल आणि तोंडानं बोल. 'त-क-त-कि-ट', पाच अक्षरं, हाताच्या एका ठोक्यात. पुढे ती तशीच म्हणत राहायची आणि हात मात्र चारच्या चालीनं चालवायचा. मी दहा मिनिटं मनातल्या मनात करून पाहिलं आणि सोडून दिलं. बेचाळीस वर्षांचा, पहिलं बक्षीस मिळवलेला माणूस तिथे पुन्हा पुन्हा अडखळत होता. सुब्बा रागावत नव्हते. तो चुकला की ते फक्त "म्हूं" करत आणि पहिल्यापासून सुरू करायला लावत.

एकदा सुधींद्रचा हात हवेतच थांबला. त्या संध्याकाळी गज थांबला होता तसाच.

सुब्बा म्हणाले, "थांबू नका. चुकीचं म्हणा, पण म्हणत राहा. थांबलात तर मला कळणार कसं, कुठे चुकताय ते?"

परतीच्या बसमध्ये सुधींद्र खिडकीच्या दांडीवर बोटं आपटत होता. अड्यार येईपर्यंत तोंडानं तीच पाच अक्षरं चालू होती.

हे दीड वर्ष चाललं. डिसेंबरातल्या पुरानं रस्ते बंद झाले तेव्हा दोन आठवडे खाडा झाला, बाकी नाही. व्हायोलिन त्यानं घरी हळूहळू पुन्हा हातात घेतलं. निधी मात्र क्लासला परत गेली नाही. ती आता शाळेच्या थ्रोबॉलच्या संघात आहे. सुधींद्रनं आग्रह धरला नाही. "तिनं मज विचारलेला प्रश्न खरा होता," तो म्हणाला. "मज उत्तर सांपडलं म्हणून तिनं परत यावं, असं कुठें आहे?"

२०२४च्या ऑगस्टमध्ये तो राममूर्तींना भेटायला गेला. हे त्यानं कुणालाही आधी सांगितलं नव्हतं. फळं घेऊन गेला, नमस्कार केला आणि म्हणाला, "त्या संध्याकाळबद्दल माफी मागायची राहिली होती."

राममूर्तींनी त्याला बसवलं, कॉफी मागवली. मग म्हणाले, "तुम्ही माझे आभार मानाल असं वाटलं होतं, तुमची पाळी मी गाऊन टाकली म्हणून. बरं झालं, मानले नाहीत. मी तुम्हाला वाचवत नव्हतो. मला माझी मैफल वाचवायची होती. नंतर घरी गेल्यावर वाटलं, एकदा थांबून तुमच्यासाठी ताल उघड दाखवायला काय हरकत होती?"

सुधींद्रनं सुब्बांकडच्या शिकण्याचं सांगितलं. राममूर्तींनी दोन-तीन प्रश्न विचारले, एक हिशेब म्हणून दाखवायला लावला. तो बरोबर आला. ते खूश झाले. मग स्वच्छ सांगितलं, "पण मी तुम्हाला बोलावीन, असं समजू नका. माझ्याबरोबर आता एक जण चार वर्षं वाजवतोय. आणि खरं सांगू, तो तुमच्याहून चांगला वाजवतो."

"वाईट वाटलं?" त्यानं हे सांगितल्यावर मी विचारलं.

"वाटलं. कोपऱ्यावरच्या थांब्यावर दोन बसगाड्या सोडल्या. पण मग भूक लागली, अक्का. आधीं तसं नव्हतं. आधीं कांहीं झालं कीं चार-चार दिवस जेवण जात नसे. या वेळीं घरीं जाऊन रसम-भात जेवलों."

यंदा जानेवारीत नंगनल्लूरच्या एका छोट्या सभागृहात त्याचा कार्यक्रम होता. एका तरुण गायिकेला साथ. पंख्याखाली तीस-पस्तीस खुर्च्या, त्यातल्या वीसेक भरलेल्या. मृदंगावर मुरली होता, सुधींद्रसाठी आला होता. शरण्या आणि निधी पुढे बसल्या होत्या. निधी खेळाच्या सरावावरून थेट आली होती, पायांत अजून बूट होते.

गायिकेनं एक बेताची अवघड पल्लवी घेतली. सवाल-जवाब सुरू झाले. चौथ्या तुकड्याला सुधींद्र चुकला. अर्ध्या मात्रेनं पुढे गेला, आणि ते मलाही कळलं, कारण आता मीही मांडीवर ताल धरून ऐकायला लागले आहे. शरण्याचा हात पदराकडे गेला.

सुधींद्रनं गज उचलला, मान हलवली आणि हसला. मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं तमिळमध्ये म्हणाला, "चुकलं. पुन्हा घेतो." मग डाव्या हातात व्हायोलिन तसंच धरून उजव्या हातानं गुडघ्यावर एक पूर्ण आवर्तन ताल दिला. गायिका थांबली, मुरली थांबला, सगळे थांबले. दुसऱ्या आवर्तनाला त्यानं तोच तुकडा वाजवला आणि जागेवर आला. मागच्या खुर्चीतला एक म्हातारा "शबाश" म्हणाला. पुढचे सगळे तुकडे नीट गेले. शेवटच्या एकाला तो पुन्हा जरासा हलला, पण सावरला.

कार्यक्रमानंतर आयोजकांनी सगळ्यांना पोंगल आणि वडे दिले. आम्ही पानं हातात घेऊन बाहेर पायऱ्यांवर बसलो. निधी वड्यापाठोपाठ वडा खात होती. तिनं बापाला विचारलं, "अप्पा, लोकांसमोर तसं म्हणायला भीती नाहीं वाटली?"

"वाटली कीं."

"मग?"

तो तिला लाडानं 'कण्णा' म्हणतो. "मी दुसऱ्या दर्जाचा वादक आहे, कण्णा. चांगला, पण दुसऱ्या दर्जाचा. हें आतां मज ठाऊक आहे, आणि लोकांना तर आधींपासून ठाऊक होतं. मग लपवायचं काय? वाजवायला मज आवडतं. तेवढं पुरतं."

"पुरतं?" शरण्यानं विचारलं. ती त्याच्याकडे नीट बघत होती.

"बहुतेक दिवस पुरतं," सुधींद्र म्हणाला.

मुरली आतून मृदंग घेऊन आला आणि रिक्षा थांबलीय म्हणून ओरडू लागला. सुधींद्र हात धुवायला उठला, आणि नळाशी उभ्या असलेल्या गायिकेला सांगू लागला की तिच्या त्या चौथ्या तुकड्याचा हिशेब फार सुरेख होता, तो त्याला लिहून हवाय.